निवड देवाची, चेहरा खेळाडूचा

'स्कायरिम'मध्ये देवाचा पाईक व्हायला फारसं काही करावं लागत नाही. बाराव्या लेव्हलच्या पुढे गेलं की एखाद्या पडक्या गढीतली एखादी पेटी उघडावी. आत चार नाणी, एखादा गंजका खंजीर आणि त्यांच्या शेजारी एक पांढरा पैलूदार दगड निघतो. दगडाला हात लागला की मेरिडिया नावाची देवी कानठळ्या बसतील अशा आवाजात हुकूम सोडते: हा दगड माझ्या मंदिरात पोहोचव, तिथे घुसलेल्या मांत्रिकाचा निकाल लाव. काम झालं की लखलखीत तलवार आणि देवीची कृपा. तोच खेळाडू दुसऱ्या दिवशी नामिरा या दुसऱ्या दैवताच्या नादाने एका पुजाऱ्याचं मांस खातो आणि अंगठी मिळवतो. मेरिडिया तलवार परत मागत नाही. डेड्रा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दैवतांच्या पंधरा वस्तू जमवल्या तर गेम वर 'ऑब्लिव्हियन वॉकर' ही पदवीही देतो. पंधरा दैवतं, एकमेकांची हाडवैरी, आणि सगळ्यांचा लाडका माणूस एकच.

मग प्रश्न पडतो की या जगातले देव खरोखर कुणाला निवडतात, की समोर आला त्याच्या गळ्यात माळ घालतात? फँटसी गेमच्या कथाविश्वावर, म्हणजे खेळणारे ज्याला 'लोर' म्हणतात त्यावर, प्रेम करणाऱ्यांत हा वाद जुना आहे. एका बाजूचं म्हणणं, नायक जन्मतःच ठरलेला असतो, त्याला फक्त ते उशिरा कळतं. दुसरी बाजू म्हणते, ज्याने काम करून दाखवलं त्याला देवाने मागाहून आपलं म्हटलं. दोन्ही बाजू गेममधल्या पोथ्या, शिलालेख, स्वप्नं आणि भुताखेतांच्या साक्षी काढतात. मला वाटतं, उत्तर त्या पोथ्यांच्या आधी, गेम सुरू होतानाच मिळतं. नायकाचा चेहरा गेम लिहिणाऱ्याने आधीच रंगवला असेल, तर देव त्याला बिनदिक्कत निवडू शकतो. चेहरा खेळाडूवर सोडला असेल, तर देवाला कुणाला निवडतोय हेच ठाऊक नसतं. मग त्याला अटींची यादी लावून वाट बघत बसावं लागतं.

ठरलेल्या चेहऱ्याची गोष्ट आधी उरकून घेऊ, कारण ती सोपी आहे. निन्टेंडोच्या 'झेल्डा' मालिकेतला लिंक हा हिरव्या किंवा निळ्या अंगरख्यातला मुलगा पिढ्यान्‌पिढ्या तोच. 2011च्या 'स्कायवर्ड स्वोर्ड'मध्ये या निवडीचं मूळ सांगितलं आहे. ट्रायफोर्स ही सर्वशक्तिमान वस्तू देवांनी निर्माण केली, पण ती वापरण्याची मुभा देवांना नाही. ती मर्त्यांच्याच हातात चालते. म्हणून हायलिया देवी देवपण सोडून झेल्डा म्हणून जन्म घेते आणि लिंकला या कामात ओढते. कथेच्या मध्यावर झेल्डा लिंकसमोर कबूल करते की मी तुला वापरलं, आणि त्याची माफी मागते. माफी मागणारं दैवत या सगळ्या आढाव्यात मला दुसरं सापडत नाही.

2005च्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये कारण वेगळं आहे, पण जातकुळी तीच. देवांनी आपसांत लढू नये अशी झ्यूसची बंदी, त्यामुळे युद्धदेव एरीसला मारायला अथीनाला माणूस हवा. तो माणूस क्रेटोस. गंमत अशी की क्रेटोसला आधी एरीसनेच हाताशी धरलेलं असतं, तेही क्रेटोसनेच मरणाच्या दारात त्याला हाक मारली म्हणून. त्या सौद्याची किंमत त्याला बायको आणि मुलगी स्वतःच्या हाताने मारून चुकवावी लागली. माणसाने देव निवडला, देवाने माणूस नासवला, मग दुसऱ्या देवीने तोच नासलेला माणूस उचलला.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा 2020चा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' याच रांगेतला. असुरांनी उचलून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाला सोडवायला निघालेली राजी ही मुलगी देवांच्या मर्जीने लढते. त्रिशूळ तिला दुर्गेकडून मिळतो, आणि तिच्या धडपडीवर दुर्गा आणि विष्णू वरून आपसांत बोलत राहतात. ते बोलणं हेच गेमचं निवेदन. राजस्थानी वाड्यांसारख्या इमारती आणि कळसूत्री सावल्यांचे प्रसंग यांमुळे तो डोळ्यांत भरतो. निवडीच्या प्रश्नावर मात्र तो गाडं अडवत नाही. राजीला नाव आहे, भाऊ आहे, रस्त्यावर कसरतींचे खेळ करणाऱ्या मुलीचं अंग आहे. देवांना ती दिसते, म्हणून ते तिला निवडू शकतात.

खरी पंचाईत 'एल्डर स्क्रोल्स'सारख्या मालिकेत होते. बेथेस्डा या अमेरिकन कंपनीच्या या मालिकेचा पहिला गेम 1994चा. 2002च्या 'मॉरोविंड'पासून खेळाडूला दहा वंशांतून एक निवडता येतो. तो एल्फ असू शकतो, मांजरतोंडा खाजीत असू शकतो, सरड्यासारखा आर्गोनियन असू शकतो. पुरुष की स्त्री, जादूगार की चोर, सज्जन की हरामखोर, सगळं त्याच्या मर्जीवर. अशा प्राण्याबद्दल देवाने हजार वर्षांपूर्वी भविष्य सांगायचं तर त्यात लिहायचं काय?

'मॉरोविंड'ने या पंचाइतीलाच कथेचा कणा केलं, आणि म्हणून तो आजही या प्रश्नावरचा सर्वांत हुशार गेम आहे.

सुरुवात अशी. एक कैदी जहाजातून सेडा नीन या दलदलीतल्या बंदरगावात उतरवला जातो. जनगणना कचेरीत कारकून त्याची नोंद घेतो: काय येतं, कुठल्या राशीवर जन्मलास. मग सुटकेचा कागद, आणि बालमोरा गावी कायस कोसाडेस नावाच्या माणसाला द्यायचं एक बंद पाकीट. कायस उघडावाघडा राहतो, नशा करतो, आणि सम्राटाच्या हेरखात्याचा तिथला प्रमुख आहे. पाकिटातला सांकेतिक मजकूर उलगडला की कळतं, इथल्या लोकांत एक जुनी भविष्यवाणी आहे. नेरेवार नावाचा प्राचीन सेनापती अझुरा देवीच्या इच्छेने परत जन्माला येईल, ठरावीक तिथीला, अनिश्चित आईबापांच्या पोटी. या कैद्याचे आईबाप माहीत नाहीत आणि तिथी जुळते. तेव्हा सम्राटाची इच्छा अशी की त्याने त्या भविष्यवाणीच्या अटी होईल तेवढ्या पुऱ्या कराव्यात. पत्रिका जुळली म्हणून स्थळ पक्कं करावं, तशी ही अवताराची नेमणूक राजधानीतल्या कचेरीत झालेली आहे.

यानंतर अटी कशा पुऱ्या होतात ते जवळून बघण्यासारखं आहे. अवताराला रोगराई आणि वार्धक्य शिवणार नाही, अशी एक अट. खेळाडूला खरोखरच कॉर्प्रस नावाचा असाध्य, देह सुजवणारा रोग होतो. त्यातून त्याला देवी वाचवत नाही. दिवायथ फिर नावाचा म्हातारा मांत्रिक, ज्याच्या तळघरात कॉर्प्रसचे रोगी कोंडून ठेवलेले आहेत, एक प्रायोगिक औषध पाजतो. रोगाचे दुष्परिणाम जातात, अभंगपण राहतं. अट पूर्ण. घराण्यांनी त्याला युद्धनेता म्हणून मान्यता द्यावी, ही दुसरी अट. हलालू घराण्यात ती पैसे चारून जमते. तेलवानी घराण्यात तर नकार देणाऱ्या सभासदांना ठार मारलं तरी चालतं. राखेच्या मुलखातल्या टोळ्यांनीही त्याला नेरेवारीन, म्हणजे परत जन्मलेला नेरेवार, म्हणून मानायचं आहे. त्यातल्या झैनाब टोळीचा प्रमुख कौशाद अडून बसतो: मला उच्चकुलीन तेलवानी बायको आणून दे. टोळीची जाणती बाई कानात सांगते, एवढं कशाला, गुलामांच्या बाजारातून एक देखणी मुलगी घे, भारी कपडे घाल, तेलवानी अत्तर लाव, त्याला काही कळणार नाही. खेळाडू तसंच करतो. कौशाद खूश होतो आणि भविष्यवाणीची आणखी एक ओळ खरी ठरते.

लाच, खून, तोतया नवरी. देवीने निवडलेल्या अवताराची ही कागदपत्रं.

पण गेम इथे थांबला असता तर ती नुसती टवाळी झाली असती. वाटेत अवतारांची गुहा येते. आत अझुराची मूर्ती, तिच्या हातात चंद्र आणि ताऱ्याची अंगठी. खरा नेरेवार नसलेल्याने ती घातली तर तो जागीच मरतो, अशी आख्यायिका. खेळाडू घालतो आणि मरत नाही. अझुरा बोलते. मग गुहेतली प्रेतं बोलू लागतात. ही खेळाडूच्या आधीच्या उमेदवारांची भुतं आहेत. पीकस्टार, कोनून चोडाला आणि इतर. त्यांच्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी वाटलं होतं की मीच तो. प्रत्येकाची कुठली ना कुठली अट अपुरी राहिली आणि तो मेला. ती नव्या माणसाशी कडवटपणे वागत नाहीत. आपापली एखादी वस्तू त्याच्या हातात देतात. पुढे 2017मध्ये 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन'च्या मॉरोविंड भागात हाच चोडाला जिवंतपणी भेटतो. स्वतःला नेरेवारीन म्हणवून घेत तो टोळ्यांत धुमाकूळ घालत असतो. त्याला तसं पाहिल्यावर गुहेतलं ते शांत भूत आणखी अवघड वाटतं.

या गुहेचा अर्थ कसा लावायचा? अझुराने चोडालाला निवडलं होतं का? निवडलं असेल तर तिची निवड चुकली. निवडलं नसेल, तर त्याच अटींच्या जोरावर आलेल्या खेळाडूला निवडलं म्हणायचं कशाला? उर्शिलाकू टोळीची जाणती निबानी मेसा याचं उत्तर खेळाडूला आधीच देऊन ठेवते. तिचं म्हणणं साधारण असं की तू नेरेवारीन नाहीस, तू नेरेवारीन होऊ शकशील असा माणूस आहेस. माझ्या मते अख्ख्या वादातलं हे सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे, आणि ते देवीच्या नव्हे, एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडी आहे. देवीने जागा काढली, अटी लिहिल्या आणि कितीही माणसं वाया गेली तरी चालतील अशा तयारीने ती बसून राहिली. अमर असण्याचा हा फायदा. तिला घाई नाही, मरतात ते उमेदवार.

काहीजण याला उत्तर म्हणून पुनर्जन्म पुढे करतात: अंगठीने मारलं नाही, म्हणजे आत्मा नेरेवारचाच. असेलही. पण गेम ते ठामपणे सांगायचं टाळतो, आणि हे टाळणं मुद्दाम आहे. खेळाडू गेमभर 'मी हे मानत नाही' असं म्हणू शकतो, आणि न मानणारा नेरेवारीनही शेवटी लाल पर्वतात जाऊन दागोथ उर या गेमच्या मुख्य शत्रूला संपवू शकतो. श्रद्धा ही अटींच्या यादीत नाहीच.

2006चा 'ऑब्लिव्हियन' हा याच्या तुलनेत भाबडा, पण त्यात एक गोष्ट झकास आहे. पुन्हा कैदी, पुन्हा कोठडी. म्हातारा सम्राट युरिएल सेप्टिम जीव वाचवून पळताना नेमका त्या कोठडीतून जातो, कारण गुप्त वाट तिथूनच आहे. ती कोठडी रिकामी ठेवायची असते. रक्षक वैतागतात: पहारेकऱ्यांचा नेहमीचा घोळ. सम्राट मात्र कैद्याचा चेहरा बघतो आणि म्हणतो, तुला मी स्वप्नात पाहिलंय. देवाची योजना की तुरुंगातला गलथानपणा, याचा निवाडा तिथे होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच दारातून आत येतात.

आणि शेवटी जग वाचवतो कोण? खेळाडू नाही. सम्राटाचा अनौरस मुलगा मार्टिन, साधा पुजारी, राजचिन्ह असलेला ताईत फोडतो, अकाटोश या ड्रॅगनदेवाचं रूप धारण करतो आणि राक्षसाला परतवून दगड होऊन उभा राहतो. निवड रक्ताची होती आणि ती मार्टिनची होती. खेळाडूने सगळी हमाली केली; त्याला सन्मान मिळाला तोही माणसांकडून. त्याच गेमच्या 'नाइट्स ऑफ द नाइन' या जोडभागात देव थोडे कडक होतात. पवित्र चिलखत घालून फिरणाऱ्याने चोरीमारी, खून करून बदनामी ओढवून घेतली की चिलखत अंगावर टिकत नाही. पुन्हा नऊ देवांच्या देवळींची पायी वारी करावी लागते. मालिकेतल्या देवांनी वागणुकीचा हिशेब मागितल्याचं हे दुर्मीळ उदाहरण.

'स्कायरिम'चा ड्रॅगनबॉर्न हा निवडीचा भक्कम पुरावा मानला जातो. माणसाच्या देहात ड्रॅगनचा आत्मा, ही अकाटोशची देणगी. व्हाइटरनच्या बुरुजापाशी पहिला ड्रॅगन पडतो, त्याचा आत्मा सगळ्यांदेखत खेळाडूच्या अंगात शिरतो, आणि वाद मिटतो. पण गेमची पहिली दहा मिनिटं आठवा. हेल्गेन गावात घोडागाडीतून कैदी उतरवले जात आहेत. सैनिक नावांची यादी वाचतोय आणि खेळाडूचं नाव यादीत नाही. कप्तानबाई म्हणते, असू दे, चढवा वेदीवर. मान ठोकळ्यावर टेकलेली असताना आकाशातून अल्दुइन येतो, ज्याला मारण्यासाठी ड्रॅगनबॉर्न जन्मला आहे तोच ड्रॅगन, आणि त्याच्या हल्ल्यामुळे खेळाडूची मान वाचते. अकाटोशने आपल्या पाईकाला वाचवलं असं म्हणायचं, तर वाचवलं त्याच्याच थोरल्या पोराने, जगबुडी करायला निघालेल्याने. अकाटोश स्वतः अख्ख्या गेममध्ये एक शब्द बोलत नाही. डोंगरावरचा म्हातारा ड्रॅगन पार्थुर्नाक्स तर खेळाडूला विचारतो की अल्दुइनला थांबवायचंच कशाला. हे जग संपल्याशिवाय पुढचं जन्मणार कसं? ज्या देवाने मारेकरी पाठवला त्यानेच संहारक पाठवला असेल, तर 'निवडलेला' कोण, हा प्रश्न उलटा होऊन बसतो.

इथे या विश्वाची एक जुनी विभागणी समजून घ्यावी लागते. ज्या देवांनी जग घडवण्यात आपली शक्ती घातली ते जवळपास मुके आहेत. ज्यांनी घातली नाही, ते डेड्रा, सारखे बोलतात. जो बोलतो त्याला काहीतरी हवं असतं. म्हणून डेड्रांची निवड ही उघड देवघेव असते, आणि ती नेमणूक किती तकलादू असते हे गेम पुन्हा पुन्हा दाखवतो. बोएथिया आधी तुमच्या सोबत्याचा बळी मागते, मग भक्तांना एकमेकांना मारायला लावते, आणि उरलेल्या एकाला सांगते की माझा आधीचा पाईक अमुक ठिकाणी आहे, त्याला मारून त्याचं काळं चिलखत घे. ते चिलखत अंगावर चढवताना पुढचा उमेदवार कधी येईल याचा विचार मनात येतोच. मलाकाथचा नावापुरता वीर यामार्झ हा ऑर्क टोळीचा घाबरट नायक. राक्षसाशी लढायची पाळी आली की तो खेळाडूला म्हणतो, तू मार, नाव माझं सांगू. मलाकाथला सगळं दिसतं. तो शाप देतो, उपहास करतो, आणि शेवटी आपला हातोडा यामार्झला नाही, खेळाडूला देतो.

'स्कायरिम'च्या 2012च्या जोडभागातला मिराक हा इतिहासातला पहिला ड्रॅगनबॉर्न. ज्ञानाचा हावरा देव हर्मेयस मोरा याने त्याला हजारो वर्षं आपल्या पुस्तकांच्या लोकात पाळून ठेवलेलं. मिराकला वाटतं आपण लवकरच मालकाच्या तावडीतून निसटणार. शेवटच्या लढाईत तो हरू लागतो तेव्हा शेवटचा घाव खेळाडू घालतच नाही. हिरव्या पाण्यातून मोराचा एक लांब सोंडेसारखा अवयव वर येतो आणि मिराकला आरपार भोसकतो. मग देव खेळाडूला शांतपणे सांगतो की आता तू माझा, आणि तूही असंच वागलास तर तुझंही असंच होईल. बढतीचं पत्र आणि बडतर्फीची नोटीस एकाच कागदावर.

एक तिरकी गोष्ट सांगून पुढे जातो. हजारो माणसं एकाच जगात खेळतात तिथे निवडलेपणाचं काय होतं? 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या 2016च्या 'लिजन' भागात ॲशब्रिंगर ही जगात एकमेव असलेली दिव्य तलवार पॅलाडिन खेळाडूंना मिळाली. प्रत्येकाला. दलारान शहराच्या चौकात एकमेव तलवारी घेतलेली माणसं घोळक्याने उभी असायची आणि कुणालाही त्यात वावगं वाटायचं नाही.

निवड खोटीच असते असं सांगणारे गेमही आहेत, आणि त्यांतले चांगले गेम हे खोटं कुणाच्या फायद्याचं ते दाखवतात. बायोवेअरच्या 2014च्या 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'मध्ये भीषण स्फोटातून एकच माणूस जिवंत बाहेर येतो. त्याच्या मागे कुणी तेजस्वी स्त्री दिसली म्हणे, आणि त्याच्या हातावर हिरवी खूण उमटलेली. लोक ठरवतात की ती संत अँड्रास्ते आणि हा तिचा दूत. खेळाडू दुसऱ्याच धर्माचा डेलिश एल्फ असेल, शिंगांचा कुनारी असेल, 'मी नाही' असं ओरडत असेल, तरी मिरवणूक थांबत नाही. बऱ्याच पुढे आठवण परत येते आणि कळतं की मागे होती ती धर्मप्रमुख जस्टिनिया, आणि खूण उमटली ती दुसऱ्याच्याच विधीतला गोळा चुकून हातात आल्यामुळे. तोवर त्या अफवेवर सैन्य, किल्ला आणि सत्ता उभी राहिलेली असते. आता खरं सांगून कुणाचं भलं होणार?

फ्रॉमसॉफ्टवेअरच्या 2011च्या 'डार्क सोल्स'ची चाल जास्त थंड डोक्याची. 'निवडलेला जिवंत मुडदा' खडतर वाट तुडवून देवांच्या नगरीत पोहोचतो, आणि भल्यामोठ्या देहाची ग्विनेव्हीर देवी त्याच्या पदरात पुढच्या कामाचं पात्र टाकते. तिला एक बाण मारून पाहावा. देवी विरघळून जाते, सूर्यप्रकाश विझतो, अख्खं शहर काळोखात जातं. ती तिच्या भावाने उभी केलेली माया होती. खरी देवी केव्हाच निघून गेलेली. एक सर्प सांगतो तू ज्योत पेटती ठेवायला निवडलेला आहेस, दुसरा सर्प सांगतो पहिला खोटारडा आहे. दोघांच्याही बोलण्यात निवड आहे, पण देवाची सही कुठेच नाही. लारियनच्या 2017च्या 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन 2'मध्ये तर सातही देवांनी आपापला उमेदवार फोडलेला असतो. आपल्या टोळक्यातल्या प्रत्येकाला वाटत असतं की पुढचा दैवी पुरुष मीच, आणि शेवटी मित्रच एकमेकांवर उलटू शकतात.

ऑब्सिडियनच्या 2015च्या 'पिलर्स ऑफ एटर्निटी'ने प्रश्नाचा पायाच काढून घेतला. तिथे वायड्वेन हा साधा शेतकरी एओथास देवाचं माध्यम होतो, राज्य उलथवतो, शेजारच्या देशावर चालून जातो, आणि त्याला देवासकट उडवून देण्यासाठी एक बाँब बनवला जातो. बारा माणसं पूल अडवून धरतात आणि बाँब फुटतो. मग गेमच्या अखेरीस उघड होतं की हे देव मुळात प्राचीन एन्ग्विथन लोकांनी यंत्र आणि आत्मे वापरून घडवलेले. खरे देव शोधूनही सापडले नाहीत, म्हणून केलेली ती सोय. तरीही त्यांची निवड निकामी होत नाही. 2018च्या दुसऱ्या भागात मृत्यूचा देव बेराथ खेळाडूला मरणाच्या उंबऱ्यावर गाठतो: माझं काम कर, नाहीतर चल पुढे. देव माणसांनी केलेला आहे हे माहीत असूनही खेळाडूला निमूट होकार द्यावा लागतो.

आणि नकार? निवड झाल्यावर नाही म्हणता येतं का? 'स्कायरिम'मध्ये अगदी सहज. अल्दुइन जग खायला निघालेला असताना खेळाडू शेकडो तास फुलं गोळा करतो, घर बांधतो, लग्न करतो, आणि अल्दुइन बिचारा वाट बघतो. पण तो गेमच्या रचनेचा ढिलेपणा झाला. नकाराला किंमत आहे ती लारियनच्याच 2023च्या 'बाल्डर्स गेट 3'मध्ये. हे फर्गॉटन रेल्म्सचं जग, जिथे देव आपल्या शक्तीचा अंश खरोखरच माणसात ठेवतात आणि निवडलेला हा सरळसरळ हुद्दा असतो. जादूची देवी मिस्त्रा आपल्या मर्जीतून उतरलेल्या गेल या जादूगाराला निरोप पाठवते की छातीतल्या त्या स्फोटक जादूसकट स्वतःला उडवून दे, मग तुला माफ करीन. केथेरिक थॉर्म हा सेनापती मुलीच्या मृत्यूने वेडापिसा होऊन एकामागून एक देव बदलतो आणि जो मुलीला परत देतो त्या मिर्कूलचा होऊन राहतो. त्याला निवडलं गेलं असं म्हणणं अवघड आहे. त्याने बोली लावली आणि एकाने ती घेतली.

खेळाडूला स्वतःसाठी 'डार्क अर्ज' हे पात्र घेता येतं, खुनाच्या देवाच्या, बालच्या, देहातून घडवलेलं. त्याच्यासाठी निवड वगैरे भानगडच नाही, तो आहेच देवाचा. आणि तोही नाही म्हणू शकतो. बालचीच दुसरी वारस असलेल्या ओरिनचा पराभव झाल्यावर बालच्या देवळात त्याने वारसा नाकारला, की बाल आपलं रक्त परत घेतो आणि हा जागच्या जागी मरून पडतो. मग छावणीतला एक सुकलेला म्हातारा, विदर्स, येतो आणि त्याला उठवतो. आता तो कुणाचाच नाही.

विदर्स हा जर्गल, म्हणजे मृत्यूचा जुना धनी, असं गेम पुरेसं सूचित करतो. त्या विश्वाचं पुराण सांगतं की बाल, बेन आणि मिर्कूल हे तिघे कधीकाळी माणसंच होते. जर्गलचं सिंहासन बळकावायला ते गेले, तर तो कंटाळलेला होता. म्हणाला, घ्या, वाटून घ्या. वाटणीवरून तिघांचं जुंपलं, तेव्हा त्यानेच त्यांना हाडांचे आणि कवट्यांचे खेळ खेळून निकाल लावायला सांगितलं. खुनाचा देव कोण होणार हे त्या डावात ठरलं.